वारलेल्या बाईचं नवं गाणं

प्रश्न : आमची लेक गाडी चालवताना एक इंग्रजी गाणं लावते. खाली नाचायचा ठेका, मध्ये पियानो आणि वर एक बाई त्याच त्या दोन-तीन ओळी फिरून फिरून गाते. आवाज शेतावरून आल्यासारखा. मी विचारलं, ही कोण? तर म्हणाली, "आई, ती १९६४ सालीच वारली. गाणं १९९९चं आहे." हे जमतं कसं? त्या बाईला किंवा तिच्या घरच्यांना कुणी विचारलं होतं का? आणि जाता जाता घरचा प्रश्न : सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्यांची एक कॅसेट आमच्याकडे आहे. पुतण्या डीजेचं काम करतो. तो मागे लागलाय, "काकू, द्या, मस्त रीमिक्स करतो." द्यावी का?
— एक वाचक, कराड

उत्तर : लेकीने सांगितलेली दोन्ही सालं बरोबर आहेत. गाणं 'नॅचरल ब्लूज', अल्बमचं नाव 'प्ले', आणि तो करणारा मोबी नावाचा न्यूयॉर्कचा संगीतकार. खरं नाव रिचर्ड मेलव्हिल हॉल. 'मोबी डिक' लिहिणाऱ्या हर्मन मेलव्हिलशी आपलं लांबचं नातं आहे असं त्यांच्या घरात सांगत, म्हणून पाळण्यातच हे टोपणनाव चिकटलं. गाणाऱ्या बाईचं नाव व्हेरा हॉल. आडनाव सारखं, पण तो योगायोग.

आधी बाईंबद्दल सांगतो, कारण ठेक्याबद्दल सगळेच बोलतात.

व्हेरा हॉल १९०२ साली अमेरिकेच्या दक्षिणेत, अलाबामा राज्यातल्या लिव्हिंग्स्टन गावाच्या परिसरात जन्मल्या. घर काळ्या कष्टकऱ्यांचं. लोकांकडे स्वयंपाक करायचा, धुणी धुवायची, आणि गायचं ते घरात नि चर्चमध्ये. १९३७च्या सुमारास जॉन लोमॅक्स नावाचे गृहस्थ लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी लोकगीतं गोळा करत त्या भागात हिंडत होते. गावातल्या रुबी पिकन्स टार्ट या बाईंनी त्यांची व्हेराबाईंशी गाठ घालून दिली. पुढे जॉन यांचा मुलगा अ‍ॅलन याने हे काम हाती घेतलं. १९४८ साली त्याने व्हेराबाईंना न्यूयॉर्कला बोलावून कोलंबिया विद्यापीठातल्या कार्यक्रमात गायला लावलं. त्या मुक्कामात त्यांची सगळी आयुष्यकथाही त्याने टेपवर उतरवून घेतली.

१९५९ साली अ‍ॅलन पुन्हा दक्षिणेत गेला. बरोबर शर्ली कॉलिन्स ही विशीतली इंग्रज गायिका. खर्च अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीचा. आणि गाडीत एक स्टिरिओ टेप मशीन, जे खेडोपाडी गाणी टिपायला तोवर फारसं कुणी वापरलं नव्हतं. तुरुंगातले कैदी, बेटांवरचे कोळी, चर्चमधली मंडळी, जो भेटेल त्याच्यापुढे माइक. त्याच फेरीत व्हेराबाई 'ट्रबल सो हार्ड' गायल्या. साथीला पेटी नाही, गिटार नाही, काही नाही. नुसता गळा. हे 'काही नाही' लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच उभं आहे.

१९६४च्या जानेवारीत त्या गेल्या. १९९३मध्ये अटलांटिकने त्या दौऱ्यातल्या गाण्यांचा चार सीडींचा संच काढला, 'साउंड्स ऑफ द साउथ'. तो मित्राकडून उसना मोबीच्या हाती पडला, तेव्हा मोबीचे दिवस चांगले नव्हते. १९९६चा त्याचा 'अ‍ॅनिमल राइट्स' हा अल्बम साफ पडला होता. संगीत सोडून आर्किटेक्चर शिकावं की काय, असं त्याच्या मनात घोळत होतं. मॅनहॅटनमधल्या राहत्या घरातच छोटा स्टुडिओ. तिथे बसून तो ही गाणी ऐकत राहिला आणि त्यातले तुकडे उचलून मशीनमध्ये भरू लागला.

त्या मशीनला सॅम्पलर म्हणतात, आणि उचललेल्या तुकड्याला सॅम्पल. टेपरेकॉर्डर आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवतो. सॅम्पलर आवाज आकड्यांच्या रूपात साठवतो, त्यामुळे त्यातला हवा तो शब्द, हवा तो श्वास कीबोर्डच्या एकेका पट्टीवर बसवता येतो. पट्टी दाबली की बाई तेवढंच गाते, दहा वेळा दाबली की दहा वेळा.

इथे पहिली अडचण येते ती लयीची. व्हेराबाई गायल्या तेव्हा समोर ना तबला होता, ना घड्याळ. मनात आलं तिथे ओढलं, दम संपला तिथे थांबल्या. नाचाचा ठेका मात्र मिनिटाला ठरलेल्या ठोक्यांचा, केसाइतकाही हलत नाही. सबंध गाणं तसंच ठेक्यावर ठेवलं तर चार ओळींत दोघांची फारकत होईल. म्हणून ओळ-ओळ सुटी कापायची आणि प्रत्येक ओळीचं तोंड तेवढं ठेक्याच्या ठोक्याला लावायचं. पुढे ओळीच्या आत बाई थोडी मागे-पुढे झाली तर होऊ द्यायची. आपले भजनीबुवा पखवाजाच्या समेला येऊन मिळतात, मधल्या मात्रांमध्ये मनासारखे फिरतात, तसंच हे. 'नॅचरल ब्लूज' ऐकताना बाई ठेक्यावर स्वार झाल्यासारखी वाटते ती या मोकळिकीमुळे.

दुसरी अडचण वेगाची. घरच्या टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की लताबाईसुद्धा भसाड्या आवाजात गाऊ लागत, आठवतंय? वेग कमी केला की पट्टी उतरते, वाढवला की आवाज चिमणीसारखा होतो. जुन्या सॅम्पलरचं मूळ गणित हेच. नंतर टाइम-स्ट्रेच नावाची सोय आली. तिच्यात आवाजाचे सेकंदाच्या काही शतांशांएवढे बारीक तुकडे करतात. लांबवायचं असेल तर काही तुकडे दोनदा वाजवतात, आखडायचं असेल तर काही गाळतात, आणि कडा एकमेकींवर चढवून सांधे बुजवतात. पट्टी तीच राहते, वेग बदलतो. अर्थात फार ताणलं की आवाज पत्र्यासारखा थरथरतो.

तिसरी गोष्ट अडचण नाही, ती या सगळ्यातली खरी मजा आहे. घरात पेटी असेल तर आत्ता करून पाहा. काळी-पांढरी कोणतीही पट्टी घ्या. वरच्या सप्तकातला ग एका बोटाने धरून ठेवा, सोडू नका. दुसऱ्या हाताने खाली सा-ग-प एकदम दाबा. वरचा ग कसा उजळ, सकाळचा वाटतो. आता वरचं बोट न हलवता खाली ध-सा-ग दाबा. ग तोच आहे, पण एकदम दिवेलागणीचा झाला. गाणाऱ्याने काहीच केलेलं नाही, त्याच्या पायाखालची जमीन तेवढी बदलली. आपल्या गाण्यात तानपुऱ्याचा सा रात्रभर हलत नाही, त्यामुळे ही गंमत आपल्या कानांना सहसा भेटत नाही. पाश्चात्त्य संगीत मात्र तिच्यावरच जगतं.

आता ते 'काही नाही' आठवा. व्हेराबाईंच्या गाण्यात साथ असती, तर खालची जमीन आधीच ठरलेली असती आणि मोबीला तिच्याशी झगडावं लागलं असतं. साथ नव्हती म्हणून त्याने पियानोचे आणि तंतुवाद्यांसारख्या सुरांचे हवे ते पट्टे खाली घातले. ओळ फिरून तीच येते, पण दर वेळी खालची जमीन सरकलेली असते, म्हणून ऐकणाऱ्याला वाटतं की बाईचं दुःख वाढत चाललंय. ते वाढवलंय पियानोने. याला कुणी लबाडी म्हणेल, पण मी कारागिरी म्हणतो. नाटकात प्रकाशयोजनाकार तरी वेगळं काय करतो?

अल्बममधली अठराच्या अठरा गाणी अशी नाहीत, हेही सांगायला हवं. 'पोर्सेलिन' मोबी स्वतः गायला आहे आणि ते या अल्बमच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यांपैकी एक. 'हनी'मध्ये जॉर्जियाच्या किनाऱ्याजवळच्या सेंट सायमन्स बेटावरच्या बेसी जोन्स आहेत, मागे टाळ्या. 'रन ऑन'मध्ये बिल लँडफर्ड आणि त्यांच्या साथीदारांचं १९४९चं भक्तिगीत. 'फाइंड माय बेबी'त बॉय ब्लू या आर्कान्सामधल्या गायकाचा तुकडा घेतलाय, पण तो इतका घोळवलाय की शेवटी भिंतीवरच्या कागदासारखा होतो. माणूस दिसेनासा होतो, नक्षी उरते. 'नॅचरल ब्लूज'चं तसं होत नाही, कारण तिथे बाईंना पूर्ण ओळ गाऊ दिली आहे.

'प्ले' १९९९च्या मे महिन्यात आला तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. न्यूयॉर्कच्या एका रेकॉर्डच्या दुकानाच्या तळघरात पहिला कार्यक्रम झाला, त्याला जेमतेम चाळीस माणसं होती, असं मोबीनेच सांगितलं आहे. रेडिओ गाणी वाजवेना, तेव्हा ती जाहिरातींना, चित्रपटांना, मालिकांना द्यायला सुरुवात झाली. एक-दोन नव्हे, एकूण एक अठरा गाणी अशी दिली गेली. 'पोर्सेलिन' लिओनार्डो डिकॅप्रिओच्या 'द बीच'मध्ये वाजलं. लोकांनी गाणी आधी टीव्हीवर ऐकली आणि मग दुकानात जाऊन शोधली. एप्रिल २०००मध्ये, म्हणजे तब्बल अकरा महिन्यांनी, अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. जगभरात एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. कपडे धुऊन पोट भरणाऱ्या बाईचा आवाज दुकानांत आणि विमानतळांवर वाजू लागला, आणि तो कुणाचा हे ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नव्हतं.

आता तुमचा विचारलं-का हा प्रश्न.

व्हेराबाईंना विचारणं शक्यच नव्हतं. पण कायद्याच्या नजरेत विचारायचं असतं हक्क ज्याच्याकडे त्याला, आणि हक्क दोन प्रकारचे. एक ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे टेपचा. दुसरा गाण्याचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा. अमेरिकेत १९९१ साली बिझ मार्की या रॅप गायकाविरुद्ध निकाल लागला, त्यानंतर परवानगीशिवाय सॅम्पल वापरणं मोठ्या कंपन्यांनी जवळपास बंद केलं. 'प्ले'मधल्या काही जुन्या आवाजांसाठी गीत-संगीताच्या श्रेयात मूळ गायकांची नावं आहेत. पण 'हनी'च्या श्रेयात मोबी आणि बेसी जोन्स यांच्यासोबत तिसरं नाव आहे अ‍ॅलन लोमॅक्सचं.

थांबा जरा. लोमॅक्सने गाणं रचलं नाही, गायलंही नाही. त्याने माइक धरला. माइक धरणाऱ्याचं नाव रचणाऱ्यांच्या रांगेत कसं? ही त्या घराण्याची जुनी रीत होती. लेड बेली या लोकगायकाच्या 'गुडनाइट आयरीन'वरही वडील लोमॅक्सांचं नाव लागलं होतं. बाजू घेणारे म्हणतात, ते गेले नसते तर ही गाणी जगाला कळलीच नसती. खरं आहे. पण म्हणून ती त्यांची होत नाहीत. 'प्ले'च्या आतल्या पानावर मोबीने लोमॅक्स मंडळींचे आणि संग्राहकांचे आभार मानले आहेत. तेही योग्यच. गाणाऱ्यांना मात्र तिथे अशी ठळक जागा मिळायला हवी होती, असं मला वाटतं. गोऱ्या संगीतकाराने काळ्या गरिबांचा आवाज उचलला आणि तो मोठा झाला, ही टीका तेव्हाही झाली. मला ती अर्धी पटते. आवाज उचलण्यात गैर नाही, पण नाव लहान अक्षरांत छापणं मला खटकतं.

पैसे खऱ्या माणसापर्यंत पोचूच शकत नाहीत, असं मात्र नाही. त्याच १९५९च्या फेरीत लोमॅक्सने मिसिसिपीतल्या पार्चमन तुरुंगात लाकडं फोडता फोडता गाणाऱ्या कैद्यांना टिपलं होतं. मुख्य आवाज जेम्स कार्टर यांचा. २०००च्या 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाउ?' या चित्रपटात ते गाणं वापरलं आणि चित्रपटाच्या गाण्यांचा अल्बम प्रचंड खपला. लोमॅक्सच्या संग्रहाच्या लोकांनी शोध घेत घेत कार्टर यांना शिकागोत गाठलं. सत्तरी ओलांडलेले कार्टर आपण असं काही गायलो होतो हे विसरूनही गेले होते. त्यांच्या हातात २०,००० डॉलरचा चेक ठेवला गेला. २००२च्या ग्रॅमी सोहळ्यालाही ते जाऊन आले.

आपल्याकडचा अनुभव अगदी उलट्या बाजूचा. १९८१च्या 'ज्योती' चित्रपटात लताबाईंनी गायलेलं, बप्पी लाहिरींचं 'थोडा रेशम लगता है' २००२ साली अमेरिकेत ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या 'अडिक्टिव्ह'मध्ये न विचारता घातलं गेलं. तुकडा कसला, पाठीचा कणाच तो. प्रकरण कोर्टात गेलं आणि लाहिरींचं नाव घातल्याशिवाय सीडी विकू नये, असा आदेश निघाला. लताबाईंचा आवाज ओळखणारी कोट्यवधी माणसं होती, मागे मोठी कंपनी होती. व्हेराबाईंच्या मागे लिव्हिंग्स्टन होतं.

आता तुमच्या सासूबाईंची कॅसेट.

कायद्याचं आधी उरकू. आपल्या १९५७च्या कायद्याप्रमाणे प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं चालतो आणि गाणाऱ्या व्यक्तीचा कलाकार म्हणून हक्क ५० वर्षं. परंपरेने आलेली ओवी कुणा एकाची नसते, पण सासूबाईंनी स्वतः जोडलेली ओवी त्यांची. सासूबाई हयात असतील तर त्यांनाच विचारा, नसतील तर सगळ्या वारसांना. पुतण्या घरचा असला तरी विचारायचं. कराडला एखाद्या रविवारी सगळे जेवायला जमतील तेव्हा विषय काढा म्हणजे झालं.

खरी काळजी कायद्याची नाही, टेपची आहे. रीमिक्सच्या आधी मूळ कॅसेट एकदा नीट कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. कॅसेट सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने फिरते. प्लेयरचा पट्टा ढिला असेल तर वेग चुकतो आणि सासूबाईंचा आवाज बदललेला कायमचा साठतो. म्हणून पट्टा बदललेल्या, हेड पुसलेल्या प्लेयरवरच वाजवा. फाइल वेव्ह प्रकारची ठेवा, एमपीथ्री नको. आणि एक प्रत जशीच्या तशी, खोकल्यासकट, मागच्या भांड्यांच्या आवाजासकट, कुणालाही हात न लावू देता बाजूला ठेवा.

पुतण्याला एवढंच सांगा : ओवी चार ठोक्यांच्या चौकटीत बसायला जन्मलेली नाही. तिची लय जात्याच्या फेऱ्याची. दाणे घालताना मंदावते, पीठ पडू लागलं की चढते. ओवीला ओढून-ताणून ठेक्यात बसवायला गेला तर मिरवणुकीत कुठल्याही गाण्याचं जे होतं तेच होईल. ठेका कमी करायचा, जागा सोडायची, आणि जमलं तर जात्याची घरघर हाच ठेका धरायचा. एवढं ऐकलं तर द्या कॅसेट. नाही ऐकलं तर चहा पाजून परत पाठवा.

नाव कसं सांभाळायचं याचा वस्तुपाठ आपल्याकडेच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेवाँ यांनी पुण्याहून महाराष्ट्रभर फिरून, असंख्य कार्यकर्त्यांच्या मदतीने, एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तो ठेवा आता पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाकडे आहे. तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. गोळा करणारे ओवीचे कवी झालेले नाहीत.

शेवटी एक काम, आजच करा. कॅसेटवर पेनाने काय लिहिलंय ते पाहा. नुसतं 'ओव्या' एवढंच असेल, तर खाली सासूबाईंचं पूर्ण नाव, माहेरचं गाव आणि साल लिहा. मग टेप जिथून दिसते त्याच्या विरुद्ध कडेला प्लास्टिकच्या दोन छोट्या पट्ट्या असतील, त्या स्क्रूड्रायव्हरने मोडून टाका. म्हणजे त्या कॅसेटवर चुकूनसुद्धा दुसरं काही टेप होणार नाही.